खारे पाणी आणि चाऱ्याची परीक्षा



चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. मी ‘खारे पाणी आणि चारा’ असे सांगितले तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. तुमच्यापैकीही काहींच्या मनात आले असेल की, युनियनच्या माणसाला गवताशी काय कर्तव्य? उत्तर सोपे आहे. दूधप्रक्रियेच्या कारखान्यांतल्या, संकलन केंद्रांवरच्या आणि टँकरवरच्या कामगारांत मी गेली पंचवीस वर्षे काम करीत आहे. उन्हाळ्यात दूध घटले की आमची एक पाळी अर्धी रिकामी बसते आणि बदली कामगारांना दारावरून परत पाठवतात. दूध का घटले म्हणून विचारावे, तर चारा नाही. चारा का नाही, तर विहिरीचे पाणी खारे. पगाराच्या प्रश्नाचा धागा ओढीत गेलो तो असा विहिरीच्या तळाशी जाऊन पोचला. माझे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून झालेले आहे. तेव्हा शास्त्रज्ञाच्या अधिकाराने मी काही सांगणार नाही; हिशेब तपासणाऱ्या माणसाच्या सवयीने सांगणार आहे.

आपल्या पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा इथे कोणाला नव्याने सांगायला नको. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून नदीच्या दोन्ही अंगांना तो पसरलेला आहे. वर काळीभोर जमीन, आणि खाली तोंडात धरवत नाही असे पाणी. पावसावर येईल ते पीक घ्यायचे, आणि उन्हाळ्यात जनावरांपुढे काय टाकायचे याची विवंचना करायची, हा तिथला वर्षानुवर्षांचा क्रम आहे. अशा गावांतून अलीकडे एक सल्ला वारंवार ऐकू येतो: “खारे पाणी सोसणारे गवत लावा.” सल्ला वाईट नाही. पण ‘सोसणारे’ हा शब्द ऐकला की माझे कान उभे राहतात. सोसते म्हणजे किती सोसते? कोणी मोजले, कसे मोजले, आणि मोजताना काय सोडून दिले? आजचे माझे सारे बोलणे या एका शब्दाभोवती आहे.

आधी खारे पाणी रोपाला करते काय, ते पाहू. सध्या चैत्र चालू आहे, घरोघर कैऱ्या चिरल्या जात आहेत. फोडींना मीठ चोळून ठेवले की घटकाभरात त्यांना पाणी सुटते. मीठ पाणी ओढते. जमिनीतल्या ओलाव्यात क्षार वाढले की तीच ओढ मुळांच्या विरुद्ध काम करू लागते. शेत ओले दिसते आणि रोप तहानलेले राहते. ही झाली पहिली इजा. दुसरी अशी की, सोडियम, क्लोराइड, बोरॉन यांसारखी द्रव्ये पानांत साठत जातात आणि पानांच्या कडा करपतात. तिसरी इजा रोपाला नसून जमिनीलाच आहे. तिच्याकडे मी मागाहून येतो, कारण आपल्या दृष्टीने तीच सर्वांत मोठी आहे.

पाण्याचा खारेपणा विजेने मोजतात. क्षार जितके अधिक तितकी पाण्यातून वीज सुलभ वाहते. तिचे माप ‘डेसिसीमेन्स प्रति मीटर’ असे लांबलचक आहे. आज आपण त्याला नुसता ‘क्षारांक’ म्हणू. क्षारांक १ म्हणजे लिटरभर पाण्यात ढोबळ मानाने ६४० मिलिग्रॅम क्षार. समुद्राचा क्षारांक ५० च्या आसपास असतो.

आता परीक्षा. या कामाचे माहेरघर म्हणजे अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात, रिव्हरसाइड या गावी १९३७ साली निघालेली क्षारसंशोधनाची सरकारी प्रयोगशाळा. खाऱ्या व चोपण जमिनींवरचे तिचे १९५४ सालचे हस्तपुस्तक, अमेरिकी शेतकी खात्याच्या मालेतले ६० क्रमांकाचे, जगभरच्या शेतकी महाविद्यालयांतून वापरले गेले. तिथे पीक तपासण्याची एक रीत अशी आहे. मोठमोठे हौद वाळूने भरायचे. त्यांत रोपे लावायची आणि ती रुजून उभी राहीपर्यंत गोडे पाणी द्यायचे. मग पाण्यात मोजून क्षार मिसळायचे, तेही एकदम नाही, काही दिवसांत टप्प्याटप्प्याने, म्हणजे रोपाला धक्का बसू नये. पाणी दिवसातून अनेकदा द्यायचे. वाळूतून निथळलेले पाणी खालच्या टाकीत जमा होते आणि तेच पुन्हा फिरवायचे. प्रत्येक कापणीला चारा तोलायचा, वाळवून पुन्हा तोलायचा आणि कमी खारेपणातल्या चाऱ्याशी ताडून पाहायचा.

अशा शेकडो परीक्षांचे आकडे मास आणि हॉफमन या दोघांनी १९७७ साली एकत्र मांडले. त्यांनी प्रत्येक पिकाला दोन आकडे दिले, आणि त्यातच त्यांचे कौशल्य आहे. पहिला आकडा उंबरठ्याचा: मुळांभोवतालच्या जमिनीचा क्षारांक इथवर चढला तरी उत्पन्नात घट नाही. दुसरा उताराचा: उंबरठा ओलांडल्यावर क्षारांक एकाने वाढला की उत्पन्न शेकडा कितीने घसरते. आपल्या ओळखीची दोन नावे घेतो. ज्वारीचा उंबरठा पुढच्या तक्त्यांत ६.८ दिलेला आहे. आपण बांधावर शिव्या देत उपटतो आणि गणपतीला मात्र दूर्वा म्हणून वाहतो त्या हरळीचा ६.९. उंबरठ्यापाशी दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या. पण ज्वारीचा उतार १६ आणि हरळीचा ६.४. म्हणजे क्षारांक १० झाला की हरळी अजून शेकडा ८० देते आणि ज्वारी निम्म्याखाली आलेली असते. जो एकच आकडा विचारतो त्याला दोघी सारख्या वाटतील. शिवाय ज्वारीचा तो आकडा दाण्याचा आहे. कडब्याचे काय होते हा वेगळा प्रश्न आहे, आणि आमच्या जनावराला दाणा नको, कडबा हवा असतो.

लसूणघासाचा उंबरठा फक्त २ आहे, बरसीमचा १.५, चाऱ्याच्या मक्याचा १.८. उंच व्हीटग्रास नावाच्या परदेशी गवताचा ७.५, आणि उतार अवघा ४.२. यावरून लसूणघास बाद आणि ते गवत उत्तम असा निकाल कोणीही देईल. पण थांबा. हे सारे शेकडा हिशेब ज्याचे त्याच्याशीच आहेत. क्षारांक ८ असताना लसूणघास आपल्या पूर्ण उत्पन्नाच्या शेकडा ५६ देतो आणि ते गवत शेकडा ९८. समजा, गोड्या पाण्यावर लसूणघास एकरी २० टन येतो आणि गवत १० टन. तर खाऱ्या पाण्यावर लसूणघास ११ टनांच्या वर आणि गवत १० टनांच्या आत! सोसण्यात पहिला आलेला गव्हाणीत दुसरा ठरतो. महागाईभत्त्याच्या वाटाघाटीत शेकड्याची भाषा किती फसवी असते हे आम्हा युनियनवाल्यांना पाठ आहे. शेकडा कशाचा, हे विचारल्यावाचून आम्ही सही करीत नाही. गवताच्या बाबतीतही करू नये.

दुसरी गोष्ट रोप गोड्या पाण्यावर रुजवण्याची. शास्त्रज्ञांनी ती लपवलेली नाही. तक्त्यांसोबत ती स्पष्ट सांगितलेली असते. पुष्कळ पिके उगवताना आणि कोवळ्या वयात खारेपणाला फार हळवी असतात, मोठी झाल्यावर बरेच सोसतात. परीक्षा मोठ्यांची घेतलेली आहे. ज्याच्या विहिरीला दुसरे पाणीच नाही, त्याचे बी मातीतच मरते, आणि त्या मेलेल्या बियाची नोंद तक्त्यात कुठेच नसते.

इथे एक आडवळण घेतो. आमच्या धंद्यात शीतगृहात अमोनिया वायू लागतो. एका कारखान्यात सांध्यातून तो सारखा झिरपत असे. तक्रार घेऊन गेलो तर साहेब म्हणाले, “जुन्या माणसांना विचारा, त्यांना वाससुद्धा येत नाही.” खरेच येत नव्हता. नाक मेले होते. आम्ही हजेरीपुस्तक मागवले. त्या खात्यात घातलेली आणि थोड्याच दिवसांत सोडून गेलेली नावे वाचायला सुरुवात केली, तेव्हा साहेबांनी पुस्तक मिटले. उरलेल्यांना विचारून सोसण्याची मर्यादा ठरवायची ही युक्ती मी तिथे ओळखली. शास्त्रज्ञाची पद्धत प्रामाणिक आहे, साहेबांची नव्हती, हा फरक मी विसरत नाही. पण तक्ता प्रामाणिक असला तरी तो हातात घेऊन सल्ला देणारा प्रामाणिक असेलच असे नाही.

आता जमिनीची इजा. रिव्हरसाइडच्या हौदात वाळू आहे. वाळूतून पाणी निथळून जाते, क्षार साठत नाहीत, मुळांना हवा मिळते. आपली जमीन काळी, चिकण. तिच्यात पाण्यातला सोडियम शिरला की मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. ते सुटे होऊन भोके बुजवतात. पावसाचे पाणी वर तुंबते, खाली ओल नाही, आणि मुळे गुदमरतात. रोप खारेपणाने मेले की हवेवाचून मेले हे पाहणाऱ्याला कळतसुद्धा नाही. शिवाय क्षार क्षारांत फरक असतो. पुष्कळशा जुन्या परीक्षा सोडियम आणि कॅल्शियम यांची क्लोराइडे मिसळून केलेल्या आहेत. आपल्याकडच्या पाण्यात सोडियमबरोबर बायकार्बोनेट असते; ते जमिनीतला कॅल्शियम चुन्याच्या रूपाने खाली बसवते आणि सोडियमला रान मोकळे करून देते. म्हणून इथे जिप्सम टाकण्याचा सल्ला देतात, आणि तो योग्य आहे: जिप्सममधून कॅल्शियम परत मिळतो. तात्पर्य, वाळूत ६.९ मिळवलेली हरळी पूर्णेच्या काळ्या मातीत किती मिळवील, हे वाळू सांगू शकत नाही. मळीच्या आणि चोपण जमिनीची परीक्षा त्याच जमिनीत घ्यावी लागते. आपल्या देशात कर्नाल येथे १९६९ साली निघालेल्या क्षारजमीन संशोधन संस्थेने ते काम केले. ज्याला कर्नाल गवत म्हणतात आणि पाकिस्तानात कल्लर घास म्हणतात, ते गवत सामू १० च्या वर गेलेल्या चोपण जमिनीतही उभे राहते हे तिथे जमिनीवर दिसून आलेले आहे.

चारा पिकवला म्हणजे काम संपले असेही नाही. याचा मोठा धडा त्याच कॅलिफोर्नियाने घेतला. तिथल्या सान होआकिन खोऱ्याच्या पश्चिम अंगाला कालव्याचे पाणी आले, जमिनी फुलल्या, आणि खाली चिकणमातीचा थर असल्याने खारे पाणी वर चढू लागले. ते काढून समुद्राकडे नेण्यासाठी चर काढला. तो पुरा झालाच नाही; केस्टरसन नावाच्या तळ्यांशी येऊन थांबला. १९८३ साली त्या तळ्यांवर विकृत पिल्ले असलेली पाखरांची अंडी सापडली. कारण निघाले सेलेनियम. डोंगरांच्या खडकातून ते जमिनीत आणि जमिनीतून निचऱ्याच्या पाण्यात आले होते. १९८६ पर्यंत तो चर बंद करावा लागला. पाणी बाहेर टाकायची वाट मिटली, तेव्हा ते शेतातच पुन्हा वापरण्याचा विचार सुरू झाला: आधी नाजूक पिकाला गोडे पाणी, त्याच्या निचऱ्यावर कापसासारखे सोशिक पीक, त्याच्या निचऱ्यावर चारा, आणि उरलेले उन्हात आटवायचे. एकाचे उष्टे दुसऱ्याला!

मग त्या उष्ट्या पाण्यावर कोणता चारा येतो याची परीक्षा रिव्हरसाइडच्या वाळूच्या हौदांतच झाली. तिचे निकाल २००४ साली प्रसिद्ध झाले. पाणी त्या खोऱ्यातल्यासारखे, सोडियम सल्फेट प्रधान असलेले, बनवले होते. क्षारांक एका बाजूला १५ आणि दुसऱ्या बाजूला २५, म्हणजे समुद्राच्या निम्म्याने खारे. लसूणघासाचे दोन वाण, हरळी, उंच व्हीटग्रास, किकुयू, पास्पालम अशी दहा चारापिके होती. २५ वर उत्पन्न घटले; आणि सोसण्याचा क्रम व प्रत्यक्ष वजनाचा क्रम एक नव्हता, हे तिथेही दिसले. पण मला आवडले ते हे की, ती मंडळी तराजूपाशी थांबली नाहीत. त्यांनी चारा जनावराच्या पोटाच्या बाजूनेही तपासला: पचतो किती, प्रथिने किती, आणि क्षारांबरोबर आत काय काय आले.

ही शेवटची बाब गाईम्हशी पाळणाऱ्यांनी कान देऊन ऐकावी. चाऱ्यात गंधक आणि मॉलिब्डेनम ही दोन्ही वाढली की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात ती एकत्र येऊन तांब्याला धरून ठेवतात. चाऱ्यात तांबे असूनही ते अंगी लागत नाही. केसांचा रंग उडतो, हगवण लागते, जनावर गाभण राहत नाही. धनी म्हणतो, नजर लागली. गवत हिरवेगार असते, त्यामुळे त्याच्यावर संशय कोण घेणार? सेलेनियमही असेच: किंचित असेल तर हवेच, जास्त झाले तर विष. आपल्या पाण्यातही तेच आहे असे मी म्हणत नाही. ज्या पाण्यावर चारा घ्यायचा त्या पाण्याबरोबर चाऱ्याचीही तपासणी हवी, एवढेच म्हणतो.

आणखी एक भ्रम जाता जाता दूर करतो. गवत मीठ ‘खाऊन टाकते’ असे पुष्कळांना वाटते. हिशेब करून पाहा. विहिरीचा क्षारांक ३ आहे. मोकळे पाणी सोडले तर एका वेळी चार बोटे, म्हणजे १० सेंटिमीटर पाणी बसते असे धरा. त्या एका पाण्याबरोबर एकरात पावणेआठ क्विंटल क्षार येतात, ५० किलोची पंधरा पोती. उन्हाळ्यात अशी आठ पाणी दिली, तर सहा टनांच्या वर. आता एकरी सहा टन वाळलेला चारा कापून नेला आणि त्यात शेकडा १० राख धरली, तर सहा क्विंटल बाहेर गेले. त्यातही सगळी राख मिठाची नसते. उरलेले कुठे गेले? ते शेतातच आहे. पावसाने ते खाली धुऊन नेले आणि जमिनीला निचरा असला, तर पुढच्या वर्षी पुन्हा पाणी देता येईल. निचरा नसेल तर आज ज्याला सोसणारे गवत म्हणून लावले, तेही तीनचार वर्षांत जळेल, आणि मग त्याहून सोशिक काहीतरी शोधण्याचा सल्ला येईल. गवत हा निचऱ्याला पर्याय नाही. निचऱ्याचे काम खर्चाचे आहे, एका शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, एकाच्या चराचे पाणी दुसऱ्याच्या बांधावर जाते; म्हणून ते सरकारने आणि गावाने मिळून करायचे आहे. बियाण्याची पिशवी हातात दिली की ते काम कागदावरून पुसले जाते, माझा राग आहे तो यावर.

मग करावे काय? परीक्षाच करावी, पण इथे आणि आपल्या प्रश्नांची. गावातल्या दोनतीन निरनिराळ्या खारेपणाच्या विहिरी निवडाव्यात. हरळीच्या सुधारलेल्या जाती, कर्नाल गवत, शेवरी, चाऱ्याची ज्वारी आणि लसूणघास यांचे लहान वाफे करावेत. तीन तीन ठिकाणी, म्हणजे एखाद्या वाफ्याच्या भाग्यावर निकाल ठरणार नाही. शेजारी शेततळ्याच्या गोड्या पाण्यावरचे तेच वाफे हवेत. बी खाऱ्या पाण्यावर उगवते का, हे वेगळे मोजावे, मेलेली रोपे मोजावीत. काही वाफ्यांना जिप्सम, काहींना नाही. जमिनीचा क्षारांक आणि सोडियम पावसाळ्याच्या आधी व नंतर, निदान तीन वर्षे. चारा तोलावा आणि तपासावा. ज्याची जमीन अडकेल त्याला तीन वर्षांचा मोबदला आधी लिहून द्यावा, कारण वाफे बुडाले तरी परीक्षा बुडत नाही, पण त्याचा उन्हाळा बुडतो. आणि जे मजूर पहाटे चारा कापून तोलणार, त्यांना रोजंदारीवर रोज बदलू नये. तोच हात, तोच विळा, तीच उंची राहिली तरच आकडे एकमेकांशी ताडता येतात. हे मी संघटनेचा म्हणून सांगत नाही, तराजूचा म्हणून सांगतो. अर्थात संघटनेचा म्हणूनही माझी हरकत नाही.

पहिली पायरी मात्र आजपासून करता येईल. पाण्याचा नमुना उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा असा दोनदा घ्यावा, कारण त्याच विहिरीचे पाणी दोन ऋतूंत निराळे असू शकते. पंप थोडा वेळ चालू द्यावा, स्वच्छ प्लास्टिकची लिटरभराची बाटली त्याच पाण्याने दोनतीनदा विसळावी, काठोकाठ भरून बूच लावावे, आणि वर गट क्रमांक, विहिरीची खोली व तारीख लिहावी. प्रयोगशाळेत नुसता क्षारांक मागू नका. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट हेही मागा. वैशाखात विहिरी तळाला जातात, तेव्हाचे पाणी सर्वांत वाईट निघण्याचा संभव असतो. म्हणून उन्हाळ्याचा नमुना येत्या महिन्याभरातच घेतलेला बरा.